खोलीचं भाडं, चहा आणि एसटीचं तिकीट

१९३७च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या कार्यालयात एक बैठक झाली. एका बाजूला रॉकफेलरांचे विश्वासू सहकारी बसले होते, दुसऱ्या बाजूला दारूच्या विळख्यातून सुटलेली काही माणसं. त्यांत बिल विल्सन होता, एकेकाळी शेअर बाजारात नाव काढलेला. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनहून आलेले डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक होते. १९३५ मध्ये या दोघांची गाठ पडली होती. दारू सोडू पाहणाऱ्याला दारू सोडलेला माणूसच नीट सावरू शकतो, आणि दुसऱ्याला सावरताना आपलाही पाय घट्ट राहतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून उमगलं होतं. दोन-अडीच वर्षांत चाळीसएक माणसं या वाटेने दारूपासून दूर राहिली होती. आता त्यांना मोठी झेप घ्यायची होती. स्वतःची रुग्णालयं, पगारी कार्यकर्ते, एक पुस्तक. यासाठी भांडवल हवं होतं.

रॉकफेलरांच्या वतीने फ्रँक एमॉस हे गृहस्थ अ‍ॅक्रनला जाऊन काम पाहून आले. पाहिलं ते त्यांना मनापासून पटलं. त्यांनी ५०,००० डॉलरची शिफारस केली. रॉकफेलरांनाही कामाचं मोल कळलं होतं. तरीही त्यांनी दिले ५,००० डॉलर. पैसा फार ओतला तर हे काम नासेल, अशी त्यांना भीती वाटत होती. रक्कम एका चर्चच्या खजिन्यात ठेवली गेली. तीतून डॉ. बॉब यांच्या घरावरचं गहाणखत सुटलं आणि उरलेल्या पैशांतून दोघांना दर आठवड्याला थोडी रक्कम मिळत राहिली. ८ फेब्रुवारी १९४० रोजी रॉकफेलरांनी या मंडळींसाठी धनिकांची एक मेजवानी ठेवली. आता पैशांचा पाऊस पडणार, अशी सगळ्यांची आशा होती. वडील आजारी असल्याने यजमान होते नेल्सन रॉकफेलर. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं ते साधारण असं, की हे काम माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या सद्भावनेवर चालतं, त्याला फार पैसा लागत नाही. रॉकफेलरांनी स्वतः आणखी १,००० डॉलर दिले, तेवढंच.

ही संघटना म्हणजे आज जगभर, आणि महाराष्ट्रातही शेकडो ठिकाणी, ज्यांच्या मीटिंगा भरतात ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ‘एए’. त्या वेळची निराशा पुढे तिचं तत्त्व झाली. प्रत्येक गटाने आपला खर्च आपणच भागवावा आणि बाहेरची देणगी घेऊ नये, असं तिच्या बारा परंपरांमध्ये लिहिलं गेलं. १९४८ मध्ये मृत्युपत्राने आलेले १०,००० डॉलरही संघटनेने नाकारले.

ही गोष्ट बहुतेक वेळा त्यागाची आणि स्वावलंबनाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातल्या ५,००० डॉलरकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ते मिळाले नसते तर डॉ. बॉब यांचं घर गेलं असतं आणि अ‍ॅक्रनचा गट कदाचित तिथेच विस्कटला असता. उभं राहण्यापुरता पैसा मिळाला आणि गटाची मालकी मात्र गटाकडेच राहिली. मानसिक आजारातून जाणाऱ्या माणसांच्या स्वमदत गटांना नेमक्या याच मापाच्या मदतीची गरज असते. आपल्याकडे ती मिळणं अजून फार अवघड आहे.

समदुःखी माणसांची बैठक

१९३७ मध्येच शिकागोत डॉ. अब्राहम लो या मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णालयातून घरी गेलेल्यांसाठी ‘रिकव्हरी’ नावाचा गट सुरू केला. १९५२ मध्ये त्यांनी त्याचा कारभार सभासदांच्या हाती सोपवला. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड राज्य रुग्णालयातल्या रुग्णांनी ‘आपण एकटे नाही’ असं नाव घेऊन आपला गट बांधला. बाहेर पडल्यावर ही मंडळी शहरात एकमेकांना भेटत राहिली. १९४८ मध्ये दात्यांच्या मदतीने त्यांना एक घर मिळालं. त्याच्या अंगणात कारंजं होतं, म्हणून संस्थेचं नाव पडलं फाउंटन हाउस. १९८७ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रा. मारिउस रोमे आपल्या एका रुग्ण महिलेसह दूरचित्रवाणीवर आले आणि कानात आवाज ऐकू येणाऱ्यांना संपर्क साधायचं आवाहन केलं. अशा सुमारे ४५० जणांनी प्रतिसाद दिला. त्यांतल्या दीडशेच्या आसपास माणसांनी सांगितलं, की आम्ही या आवाजांसह आयुष्य निभावून नेतो. डॉक्टरांनाही हे नवं होतं. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांचे गट निघाले आणि ते पुढे अनेक देशांत पसरले.

या गटांत नेमकं काय होतं? दहा-पंधरा माणसं गोल बसतात. कुणी सांगतं, गोळ्यांनी वजन वाढलं म्हणून मी त्या परस्पर बंद केल्या आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच पोचलो. दुसरा सांगतो, मीही तेच केलं होतं, आता डॉक्टरांना स्पष्ट सांगतो आणि ते गोळी बदलून देतात. कुणाला लग्नाच्या स्थळाला आजार सांगायचा की नाही हा प्रश्न असतो. कुणाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र कसं काढायचं ते हवं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे हे अनेकांना पहिल्यांदा अशाच बैठकीत कळतं. डॉक्टरच्या दहा मिनिटांत हे मावत नाही आणि घरच्यांशी बोलताना अपराधी वाटतं. इथे समोरचा दचकत नाही, कारण तो त्याच रस्त्याने आलेला असतो.

उपयोग होतो का?

दारूच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या मान्यवर संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले, आणि आरोग्यसेवेवरचा खर्चही कमी झाला.

तीव्र मानसिक आजारांचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. २०१४च्या एका आढाव्यात १८ चाचण्या तपासल्या गेल्या. समदुःखींच्या आधाराने रुग्णालयात भरती होणं कमी होतं, असं त्यात ठामपणे दिसलं नाही. पण आशा, सावरण्याची जाणीव आणि आपलं आयुष्य आपल्या हाती आहे ही भावना यांत सुधारणा झाल्याच्या खुणा मिळाल्या. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. संकटकाळातल्या उपचारांनंतर घरी गेलेल्या ४४१ जणांपैकी निम्म्यांना आजारातून गेलेल्या प्रशिक्षित व्यक्तीची काही आठवडे सोबत मिळाली. वर्षभरात त्यांच्यातल्या २९ टक्क्यांना पुन्हा तातडीची सेवा घ्यावी लागली. ज्यांना फक्त एक कार्यपुस्तिका दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३८ टक्के होतं.

हा औषधाला पर्याय नाही. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत त्याला गटापलीकडचीही मदत लागते. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येक बैठकीच्या खोलीत लावलेली असायला हवी. पण आपल्याकडे मुळात उपचारापर्यंतच किती जण पोचतात? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. ही दरी एकट्या मानसोपचारतज्ज्ञांनी भरून निघणार नाही. ती जिथे थोडीफार भरली जाते तिथे बहुधा शेजारची, त्याच वाटेने गेलेली माणसं असतात.

मराठी मातीतली बीजं

१९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या एक लाखाच्या देणगीच्या आधारे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढे समुपदेशक झाली, नव्याने दाखल झालेल्यांचा हात धरू लागली.

डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे खानदेशातले, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे या आजाराशी त्यांचा घरातूनच संबंध आला. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, उभी केली. २००४चा ‘देवराई’ हा याच आजारावरचा चित्रपट घडला त्यामागेही त्यांची खटपट होती. आजार असलेले ते शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे ते शुभंकर, असे शब्द या वर्तुळात रुळले. ‘सा’च्या स्वमदत गटात शुभार्थी आपल्या अडचणी एकमेकांना सांगू लागले. शुभंकरांनाही आपलं ओझं उतरवायला जागा मिळाली. वाणींनी कॅलगरीतल्या मराठी माणसांकडून देणग्या जमवल्या आणि महाराष्ट्र सेवा समितीमार्फत इकडच्या अनेक छोट्या संस्थांच्या कामाला हातभार लावला. कुणाला कशाची गरज आहे हे ते स्वतः जाणून घेत. थोडा पैसा योग्य हातांत कसा पोचवावा याचा हा मराठी धडा आहे.

पन्नास हजारांचा हिशेब

लहान अनुदान म्हणजे नेमकं किती? समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी वीस जणांचा गट महिन्यातून दोनदा भेटतो. खोलीचं भाडं बैठकीला ५०० रुपये धरलं तर वर्षाच्या २४ बैठकांचे १२,००० झाले. चहा-बिस्किटांना माणशी २० रुपये, म्हणजे वर्षाचे ९,६००. खेड्यांवरून येणाऱ्या पाच जणांना जाण्यायेण्याचे १०० रुपये दिले तर १२,०००. गटाच्या फोनला महिन्याचे ३०० रुपये, वर्षाचे ३,६००. गट चालवणाऱ्या दोघांच्या प्रशिक्षणाला आणि प्रवासाला १०,०००. झेरॉक्स, वह्या आणि किरकोळ खर्च २,८००. एकूण ५०,०००.

यातली प्रत्येक बाब किरकोळ दिसते, पण बैठक होणार की नाही हे तिच्यावर ठरतं. एसटीच्या तिकिटाचंच पाहा. अनेक वर्षं कमाई नसलेल्या तिशीतल्या माणसाला गटाला येण्यासाठी दर वेळी वडिलांपुढे हात पसरावा लागतो. दोन-तीनदा मागून झालं की तो यायचं बंद करतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी तेवढेही पैसे घरून मागणं एखाद्या सुनेला जड जातं. आणि खोली? देवळाच्या ओसरीवर बसून भ्रमांबद्दल बोलता येत नाही. दार लावता येईल अशी जागा लागते.

एएचं स्वावलंबन इथे जसंच्या तसं का लागू होत नाही, तेही यातच आहे. दारू सुटलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागतो आणि बैठकीत फिरणाऱ्या टोपलीत काहीतरी टाकू शकतो. दीर्घ मानसिक आजाराने अनेकांची नोकरी, शिक्षण, कधी संसारही हिरावून घेतलेला असतो. त्यांना ‘आपलं आपण भागवा’ म्हणणं म्हणजे गट बंद करा म्हणणं होय.

प्रशिक्षणाचे दहा हजार मात्र कुठल्याही काटकसरीत कापू नयेत. गट चालवणारा स्वतःही आजारातून गेलेला असतो. दर पंधरा दिवसांनी वीस जणांचं दुःख ऐकून तो थकतो. त्याला सल्ला विचारायला एखादा अनुभवी माणूस हवा, आणि विश्रांती हवी तेव्हा बैठक सांभाळायला दुसरा जोडीदार हवा. अनेक गट दोन-तीन वर्षांत विझतात ते नेमके इथेच.

पैसा अडतो कुठे?

देणारे नाहीत असं नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पण १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. त्याआधी संस्था कायदेशीर नोंदलेली हवी आणि आयकराच्या नोंदणीसारखे कागद हवेत. संस्था नोंदवायला किमान सात माणसांची नावं लागतात, मग धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. ‘माझं नाव कुठे छापू नका’ म्हणत गटात आलेल्या माणसाला पदाधिकारी म्हणून सरकारी कागदावर सही करायला सांगणं किती कठीण आहे!

परदेशी निधीचा रस्ता आणखी अरुंद झाला आहे. पूर्वी मोठी संस्था बाहेरून अनुदान घेऊन त्यातला वाटा छोट्या संस्थांना देऊ शकत असे. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने परदेशी देणगी अशी पुढे देण्यावर बंदी आली.

वाटेतली शेवटची अडचण देणाऱ्याच्या सवयींत असते. पन्नास हजारांसाठी चाळीस पानांचा प्रस्ताव, दर तिमाहीचा अहवाल, लाभार्थ्यांचे फोटो, हजेरीपटावर नाव-पत्ता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याच्या संमतीविना त्याचा फोटो माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. ही कलमं उपचार देणाऱ्यांसाठी आणि प्रसारमाध्यमांसाठी असली, तरी देणगीदारानेही त्यांचा आशय पाळायला हवा. बैठकीचा फोटो मागणारा दाता गटातली चार माणसं त्याच दिवशी घालवून बसतो.

विश्वासाने देण्याच्या रीती

विश्वासाने पैसा देण्याची रीत आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. ‘उमेद’ अभियानात महिलांचा बचत गट काही महिने नियमित बैठका घेतो, बचत करतो, आपसात कर्ज देतो-फेडतो आणि हिशेब लिहितो, की त्याला फिरता निधी मिळतो. पूर्वी १५ हजारांपर्यंत असलेली ही रक्कम महाराष्ट्रात पुढे ३० हजारांपर्यंत वाढवली गेली. कुणी मोठा प्रस्ताव मागत नाही. गट नियमित भेटतो हाच त्याचा पुरावा. मानसिक आरोग्याच्या स्वमदत गटाला हाच निकष का लावू नये? सहा महिने बैठका सुरू आहेत, वही नीट आहे आणि दोन जबाबदार माणसं सही करतात, एवढं पुरेसं मानावं. बचत गटांची ही वीण या कामाला उपयोगी पडते याचा अनुभवही आहे. पुण्यातल्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीचा ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झाला. गावातल्याच, बचत गटांसारख्या मंडळांतल्या स्वयंसेवकांना त्यात ऐकून घ्यायला आणि आधार द्यायला शिकवलं गेलं. पुढे तो गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत त्याची दखल घेतली.

त्याच मार्गदर्शिकेत नैरोबीतला एक समदुःखी गटही आहे. २००७ पासून केनियात काम करणाऱ्या, मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांच्याच संघटनेशी तो जोडलेला आहे. तिथे मनाच्या गोष्टींबरोबरच अपंगत्वाची नोंदणी आणि करसवलत मिळवायलाही माणसं एकमेकांना मदत करतात. घानात बेसिकनीड्स या संस्थेने उभ्या केलेल्या स्वमदत गटांनी गाठीशी थोडे पैसे जमवले, एकमेकांच्या उपचारांना आधार दिला, आणि २०१२च्या मानसिक आरोग्य कायद्यासाठी आवाजही उठवला. गटात बोलायला शिकलेली माणसं सरकारपुढेही बोलू लागली.

पैसा कुणाला द्यायचा हे ठरवतं कोण, हाही मोठा प्रश्न आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या डिसेबिलिटी राइट्स फंडात निर्णय घेणाऱ्यांमध्ये दिव्यांग चळवळीचे प्रतिनिधी स्वतः बसतात. ज्याने रुग्णालयाची बंद खोली आतून पाहिली आहे, त्याला एसटीच्या तिकिटाचं कलम वायफळ वाटत नाही. चकचकीत प्रस्तावामागे प्रत्यक्षात गट भेटतो की नाही, हेही त्याला लवकर कळतं.

म्हणून देणाऱ्याला काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. रक्कम लहान ठेवा, पण निदान तीन वर्षं देत राहा, कारण विश्वास जमायलाच पहिलं वर्ष जातं. कामाचं मोजमाप बैठकांवरून करा, नावं मागू नका. अहवाल एका पानाचा असू द्या, आणि लिहिणं जड जात असेल तर फोनवर ऐकून घ्या. नोंदणी नसलेल्या गटासाठी गावातल्या एखाद्या नोंदलेल्या संस्थेने स्थानिक देणगीचा हिशेब सांभाळावा, गटाचा कारभार मात्र गटाकडेच राहू द्यावा. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्याकडे जागा असते. सार्वजनिक वाचनालयाची मागची खोली किंवा पतसंस्थेचं सभागृह दुपारी रिकामंच असतं. महिन्यातून दोन दुपारी ते उघडून देणं हेही अनुदानच आहे.

आणि एक रस्ता तर प्रत्येक गावात आधीच आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांग कल्याणासाठी खर्च करायचे असतात. तो निधी अनेक ठिकाणी पडून राहतो किंवा वर्षअखेरीस घाईघाईत वस्तुवाटपात संपतो. मानसिक आजार दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा या निधीवर शुभार्थींचाही हक्क आहे. त्यांच्या बैठकीचं भाडं आणि प्रवासखर्च त्यातून द्यावा, असा ठराव मांडायला एक शुभंकर आई किंवा भाऊ ग्रामसभेत उभा राहिला तर त्याच्या मागे आणखी चार हात वर व्हायला हवेत. पुढच्या ग्रामसभेत त्यांतला एक हात आपला असावा.